पावतीवरचं नाव

"पावती कुठाय?" मी विचारलं.

माझ्या मुलीनं फोन काउंटरवर उलटा ठेवला होता आणि वरचा हात काढला नव्हता.

"बाबा, मी आहे."

"दिसतंय. पावती कुठाय?"

"पावती त्यांच्या नावावर आहे. तुम्हाला माहीत आहे."

"मग त्यांना घेऊन ये."

शेजारच्या गाळ्यातला घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "चावीवाले, लेकीकडे पावती मागताय. जन्माचा दाखलाही मागून घ्या, एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"तू तुझे काटे बघ," मी म्हणालो.

आम्ही भुयारी वाटेत बसतो. वरून मोठा रस्ता जातो, खालून माणसं जातात, आणि दोन्ही बाजूंना कपाटाएवढे गाळे आहेत. घड्याळजी तिथे तीस वर्षं आहे, मी सव्वीस. पहिली बारा वर्षं मी चाव्या बनवल्या. मग लोकांच्या खिशात नवीन कुलपं आली, तेव्हा मी ती उघडायला शिकलो. नाव मात्र चावीवालाच राहिलं.

फोन कंपनी फोन स्वस्तात देते आणि त्या बदल्यात तो फोन फक्त तिच्याच कार्डावर चालतो. दुसऱ्या कंपनीचं कार्ड घातलं की पडदा नकार देतो. ते कुलूप काढायला एक आकडा लागतो. तो मिळवायचा, घालायचा, दहा मिनिटांचं काम. त्याच्या खाली आणखी एक कुलूप असतं, फोनच्या मुळाशी. ते निघालं की कंपनीनं आत बसवलेलं सगळं उपटून टाकता येतं आणि फोन पुरता आपल्या हाती येतो. त्याला आम्ही रूट करणं म्हणतो. पण ते दुसरं कुलूप उघडताना फोन आतून पुसला जातो. फोटो, निरोप, नंबर, काही उरत नाही आणि काही परत येत नाही.

पावती मागायला मला पोलीस ठाण्यानं शिकवलं. एक चांगल्या कपड्यांतला माणूस फोन घेऊन आला होता. बायकोचा आहे म्हणाला. मी उघडून दिला. फोन चोरीचा निघाला आणि मी अकरा दिवस आत बसलो. हिची आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. पोर नऊ वर्षांची, ते अकरा दिवस घड्याळजीच्या घरी राहिली. बाहेर आल्यावर मी ठरवलं, पावतीवर ज्याचं नाव, फोन त्याचा. मग समोर कोणी का असेना.

"मुळापर्यंत जायची गरज नाही," ती म्हणाली. "फक्त दुसऱ्या कंपनीचं कार्ड चाललं पाहिजे. दहा मिनिटांचं काम आहे, मला ठाऊक आहे."

"दहा मिनिटांचं असो नाहीतर दोन."

"या कार्डावर मी कुठे जाते ते त्यांना दिसतं. कोणाला काय पाठवलं ते दिसतं. घरातले सगळे फोन एका बिलावर आहेत आणि बिल त्यांच्या हातात. तुमच्या दुकानात आलेलं चालतं त्यांना, म्हणून इथे आले. दुसरीकडे कुठे जाऊ?"

"नवराबायकोत बिल एकच असतं."

"तुमच्यात आणि आईत कुठे होतं?"

"आमच्यात फोन नव्हता."

घड्याळजी हसला. ती हसली नाही. फोन तिनं माझ्याकडे एक बोटभर सरकवला.

"आत काय आहे सांगू तुम्हाला? मग तरी..."

"सांगू नकोस."

हेही माझ्या धंद्यातलंच. लोक काउंटरवर फोन ठेवतात आणि लगेच सांगू लागतात. यात माझ्या मेलेल्या भावाचे फोटो आहेत, यात माझ्या मालकाचे निरोप आहेत. मी ऐकत नाही. ऐकायला लागलं की प्रत्येकाचं कारण खरं वाटतं, आणि चोराचं जास्तच खरं वाटतं.

"ऐकून तरी घ्या, बाबा."

"कोणाचंच ऐकत नाही मी. तुझं ऐकलं तर उद्या दुसऱ्याचं ऐकावं लागेल."

"मी चोर आहे का?"

"पावती नसेल तर मला काय कळणार?"

हे मी माझ्या मुलीला म्हणालो. शब्द आजही तसेच्या तसे आठवतात.

तिनं फोन उचलून पिशवीत टाकला. निघताना ती घड्याळजीसमोर थांबली. "काका, तुम्ही अकरा दिवस मला ठेवून घेतलंत. तेव्हा जन्माचा दाखला मागितला नव्हतात."

घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग काढलं. तोवर ती गर्दीत मिसळली होती.

नऊ दिवसांनी एक बाई गाळ्याशी आली. ती माझ्या मुलीबरोबर दवाखान्याच्या धुलाईखात्यात काम करते. उभ्या उभ्या, काउंटरला न टेकता बोलली.

"तिनं घर सोडलंय. बरी आहे. तुमच्याकडे येणार नाही, कारण तो पहिल्यांदा तिथेच बघायला येईल. कुठे राहते ते विचारू नका."

"फोन करायला सांगा."

"फोन त्यानं दारातच हिसकावून घेतला." ती जायला वळली आणि पुन्हा थांबली. "दुसरं कारणही आहे तुमच्याकडे न यायचं. पण ते तुम्हाला माहीत असेल."

दुसऱ्या दिवशी जावई आला.

हा माणूस पाण्याचे मीटर तपासतो. लोकांच्या घरात शिरायचं, कोपऱ्यात वाकायचं, आकडा टिपायचा, आणि मीटरला कोणी हात लावलाय का ते बघायचं. लग्नाच्या वेळी मला वाटलं होतं, सरकारी काम आहे, शिस्तीचा माणूस आहे. शिस्तीचा होताच. त्यानं फोन काउंटरवर ठेवला, त्याच्या बाजूला एक घडी घातलेला कागद ठेवला आणि घडी अंगठ्यानं सपाट केली.

"सासरेबुवा, पावती लागते ना तुम्हाला? ही घ्या. नाव बघून घ्या."

नाव त्याचंच होतं.

"ती कुठाय?" त्यानं विचारलं.

"मला माहीत नाही."

"बापाला माहीत नाही, असं कसं होईल?"

"ती इथे आली होती आणि मी तिला परत पाठवलं. ह्याच कागदासाठी. मला ती कशाला सांगेल?"

"ऐकलंय मी ते." तो काउंटरवर कोपर टेकून माझ्याजवळ आला. तोंडाला वेलदोड्याचा वास येत होता. "म्हणूनच आलो. दुसरा कोणी असता तर भावनेत वाहून गेला असता. तुम्ही नियमाचे माणूस."

"काय करायचंय?"

"उघडायचाय. तिनं आकडे घालून बंद केलाय, मला सांगत नाही. कोणाशी बोलत होती, काय बोलत होती, सगळं बघायचंय मला. फोन माझा आहे ना? तुमच्याच नियमानं?"

"तुमचा आहे."

"मग कुठे अडलंय?"

घड्याळजी म्हणाला, "चावीवाले, चहाला जाऊन या. मी बसतो इथे."

"तुला फोनमधलं काय कळतं?" मी म्हणालो.

"काही नाही कळत. म्हणून तर म्हणतोय."

मी फोन हातात घेतला. मॉडेल जुनं होतं. या जातीचा फोन मागून खोलला की आत दोन ठिपके असतात, मोहरीएवढे. चिमट्यानं ते एकमेकांना जोडले की कंपनीनं घातलेली बंदी बाजूला पडते आणि मुळाशी पोचता येतं. पडद्याचे आकडे माहीत नसले तरी चालतं. अर्थात मुळाशी पोचलं की सगळं पुसलं जाणार. मला वाटलं, आत त्या धुलाईवालीचा नंबर असेल, घराचा पत्ता असेल, जिथे जाऊन ती राहिली आहे त्या दाराचा काहीतरी माग असेल. हा माणूस मीटरचा आकडा टिपतो तसा तो टिपून घेईल आणि त्या दाराशी जाऊन उभा राहील.

मी मागचं झाकण काढलं.

धंद्यात मी आणखी एक गोष्ट पाळतो. शेवटचं बटण मी कधी दाबत नाही. मुळाचं कुलूप उघडण्याआधी पडद्यावर बारीक अक्षरांत एक सूचना येते, की यापुढे गेलात तर फोनमधलं सगळं कायमचं जाईल. ती मी गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मग बटण त्याला दाबायला लावतो. अक्षरं मला पोरीनं शिकवली, ती तिसरीत असताना, तिच्याच पाटीवर. तोवर कोणी समोर कागद ठेवला की मी अंगठा द्यायचो आणि त्यात काय होतं ते मला नंतर कळायचं. तेव्हा समोरच्याला वाचता येत असो नसो, मी वाचतोच. घाईतली माणसं चिडतात. भुयारातल्या भाजीवाल्यालासुद्धा ती सूचना पाठ आहे.

ठिपके जोडले. पडदा काळा झाला आणि पांढरी अक्षरं आली.

जावई घड्याळ बघत होता. "झालं?"

मी फोन त्याच्यासमोर धरला. सूचना त्याच्या डोळ्यांपुढे होती, त्यानं वाचली असती तर वाचता आली असती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझं वाचणं ऐकू आलं नाही म्हणून घड्याळजीनं मान वर करून बघितलं.

"कुठलं दाबू?" जावयानं विचारलं.

"वरचं."

त्यानं दाबलं.

मिनिटभर एक पट्टी भरत गेली. मग पडदा उजळला आणि त्यावर लिहून आलं, स्वागत आहे, आपली भाषा निवडा.

"हे काय?"

"उघडला."

"तिचं सगळं कुठाय?"

"गेलं. मुळाचं कुलूप उघडलं की जातं. पडद्यावर लिहिलं होतं. बटण तुम्ही दाबलंत."

त्यानं हात लांब करून माझी कॉलर धरली. काउंटरवरची स्क्रूची डबी कलंडली आणि बारीक स्क्रू जाणाऱ्या माणसांच्या पायांत पसरले. त्यानं मला शिव्या दिल्या, माझ्या मुलीला दिल्या, तिच्या आईलाही दिल्या. घड्याळजी उठून मधे आला. माणसं थांबली, बघून पुढे गेली. मला भीती वाटत नव्हती. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला आतून बरं वाटत होतं.

मग एकाएकी तो गप्प झाला. कॉलर सोडली. फोन उचलून त्यानं त्या कोऱ्या पडद्याकडे बराच वेळ बघितलं.

"सगळं गेलं म्हणजे सगळं?"

"सगळं."

"पुन्हा काढता येत नाही? कोणालाच? सरकारी माणसालासुद्धा?"

"कोणालाच नाही."

"तिनं तुम्हाला सांगितलं होतं, आत काय आहे ते?"

"नाही."

"कधीच नाही?"

"मी विचारत नाही."

तो हसला. शर्ट नीट केला, अगदी माझासुद्धा खांद्यावर ओढून सरळ केला. फोन त्यानं काउंटरवर हळूच ठेवला आणि पावती त्याच्याखाली सरकवली.

"राहू द्या. तिलाच द्या फोन. पावतीही द्या, म्हणजे तुमच्या नियमात बसेल."

तो गेल्यावर मी खाली बसून स्क्रू वेचत होतो. घड्याळजीही वेचू लागला.

"आज वाचलं नाहीत," तो म्हणाला.

"घसा बसलाय."

"बसू दे असाच." मग डबी सरळ करत म्हणाला, "पण तो हसला का?"

"हरलेला माणूस हसतो."

"तो हरलेल्यासारखा हसला नाही."

मी लक्ष दिलं नाही. दुपारभर दुसरं काम घेतलं नाही. कंपनीचं कुलूप काढलं. तिच्या हालचाली नवऱ्याला दाखवणारा, कंपनीनं आत बसवलेला प्रोग्रॅम मुळापासून उपटला. त्याच्याबरोबर कंपनीचं आणखी सतरा प्रकारचं लटांबर काढून टाकलं. दुसऱ्या कंपनीचं कार्ड घातलं, स्वतःला फोन लावून बघितला, आवाज स्वच्छ येत होता. इतकं नीट काम मी कोणाचं केलं नसेल. पावती एका पाकिटात घातली.

दवाखान्याचं धुलाईखातं तळघरात आहे. मोठ्या दारावर पहारेकरी असतो, नाव विचारल्याशिवाय सोडत नाही, आणि जावयाला सोडू नका असं त्याला सांगून ठेवलेलं होतं. मी बाप आहे म्हटल्यावर त्यानं आत फोन केला. उत्तर यायला वेळ लागला. मग म्हणाला, "दहा मिनिटं, म्हणालीय."

खाली वाफ होती. भिंतीला लागून माणूस उभा मावेल एवढी यंत्रं फिरत होती. मधल्या लांब टेबलाशी माझी मुलगी आणि निरोप घेऊन आलेली ती बाई चादरींच्या घड्या घालत होत्या. एक इकडे, एक तिकडे. मला बघून त्या बाईनं हातातली घडी पुरी केली आणि ती पलीकडच्या खोलीत गेली.

मुलीच्या डाव्या मनगटावर पिवळा पडत चाललेला डाग होता. मी तो बघितला आणि फोन काढून टेबलावर ठेवला. पाकीटही ठेवलं.

"हे कुठून आणलंत?"

"तो आला होता उघडून मागायला. मी उघडला." मला हसू आवरत नव्हतं. "पण आधी पुसला. त्याच्याच हातानं. त्याला कळलंसुद्धा नाही. आता तुझ्या मैत्रिणीचा नंबर नाही, पत्ता नाही, काही नाही त्याच्याकडे. आणि हे बघ, कार्डही दुसऱ्या कंपनीचं घातलंय. तुला हवं होतं ना?"

तिनं फोन चालू केला. पडदा बघितला. खाली वर सरकवला, पुन्हा पहिल्या जागी आणला. त्यात काहीच नव्हतं.

"पुसला म्हणजे?"

"कोरा केला."

ती टेबलाला धरून उभी राहिली. मला वाटलं, तिला बरं वाटलं म्हणून.

"त्यात तो होता, बाबा," ती म्हणाली. "सात महिन्यांचं त्याचं बोलणं. काय काय बोलायचा ते सगळं मी धरून ठेवलं होतं. फोन ओट्यावर उलटा ठेवायचे आणि रेकॉर्डिंग चालू करायचे. मला जाळून टाकीन म्हणाला तेही होतं. त्याच्या आईच्या देखत म्हणाला, तेही होतं. एकदा मारताना फोन खाली पडला, तरी फोन ऐकत राहिला."

यंत्रं फिरत होती.

"वकीलबाईंकडे गेले असते तर त्याला दिसलं असतं. पाठवलं असतं तरी दिसलं असतं. दुसरं कार्ड घालून एका दिवसात सगळं पाठवणार होते. म्हणून आले होते तुमच्याकडे." तिचा आवाज चढला नव्हता. "सोमवारी तारीख आहे. फोन ताब्यात घ्या, मी आकडे सांगते, असा अर्ज केला होता वकीलबाईंनी. परवा त्याला नोटीस गेली. म्हणून तो पळत तुमच्याकडे आला. आत काय आहे ते त्याला आधी बघायचं होतं."

मला त्याचं हसणं आठवलं.

फोनच्या खालच्या भोकात तार घातली असती आणि तिनं आकडे घातले असते, तर ते सगळं पाच मिनिटांत माझ्या संगणकावर उतरलं असतं. कुठलंच कुलूप काढावं लागलं नसतं. पावतीचा प्रश्न आला नसता. तार काउंटरवरच पडलेली असते. हे मी तिला सांगितलं नाही.

"परत काढा," ती म्हणाली. "तुम्हाला येतं."

"नाही येत."

"प्रयत्न करा."

"कोणालाच येत नाही, पोरी."

तिनं मान हलवली.

"मी येतो सोमवारी," मी म्हणालो. "मी सांगतो तिथे. उभा राहतो तुझ्या बाजूनं."

"काय सांगाल?"

"तो कसा आहे ते."

"तुम्हाला काय माहीत आहे तो कसा आहे?" ती माझ्याकडे बघत होती. नजर काढत नव्हती. "वकीलबाई विचारतील, तुम्ही काय ऐकलंत, काय पाहिलंत. तुम्ही काय सांगाल, बाबा? मी सांगायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, सांगू नकोस."

मी टेबलावरचं पाकीट सरळ केलं.

"सोमवारी आता त्याचं बोलणं आणि माझं बोलणं," ती म्हणाली. "एवढंच आहे. आणि त्याच्याकडे घरचेच दोन साक्षीदार आहेत."

तिनं फोन आणि पाकीट टेबलाच्या कडेला सरकवलं, चादरींना जागा व्हावी म्हणून. ढिगातून एक चादर ओढली आणि झटकली. चादर लांब होती, दुसरं टोक ओल्या फरशीला लागत होतं. मी वाकून ते उचललं. दोन कोपरे दोन हातांत धरले. तिनं ताण दिला, मीही दिला. मग घडी जुळवायला मी पुढे गेलो आणि तिनं माझ्या हातातले कोपरे काढून घेतले, बोटाला बोट न लावता. उरलेली घडी तिनं छातीशी धरून एकटीनं पुरी केली आणि चादर ढिगावर ठेवली.

दुसरी चादर तिनं उचलली. माझे हात पुढे आले होते.

ती पलीकडच्या खोलीकडे वळली, मैत्रिणीला हाक मारली, आणि ती येईपर्यंत चादर दोन्ही हातांत वर धरून उभी राहिली.